यादीत नसलेलं सूत

वाडीतल्या गोदामांची फाटकं मी कित्येक वर्षं बनवली, पण नकाशे माझा ड्राफ्ट्समन काढायचा. त्यानं माझंच काम शिकून समोर दुकान टाकलं, तेव्हा मी रागानं संगणकाच्या क्लासला गेलो. त्या दिवशी एका गोदामवाल्याला संध्याकाळपर्यंत फाटकाचा नकाशा हवा होता. नाहीतर काम समोरच्याकडे जाणार होतं.

चार इंच सात सूत म्हणून मी ४.७ टाकलं. पट्टी चौकटीत बसेना. शिकवणाऱ्या पोरीनं मोजमापाची सेटिंग उघडली.

"काका, इंचाचे सूत आठ. हा संगणक दहा भाग धरून राहिला."

"मग आठ कर ना वं! काहून करत नाही?"

"सूत यादीतच नाही. अपूर्णांक घ्या, सात भागिले आठ लिहा."

एखादा दुकानदार असता तर त्याला मी बोलण्यात गुंडाळलं असतं. संगणकाशी भांडताही येत नव्हतं. नकाशाभर मापं अशीच टाकलेली. एक सुधारलं की दुसरीच रेघ सरकायची.

संध्याकाळी गोदामवाल्याचा फोन आला. "झाला का गा नकाशा?"

"समोरच्याकडून काढून घ्या," मी म्हणालो.