खुंटी मीच मारली होती

देवाशी माझं बोलणं बंद होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी शिकलेला माणूस नाही. चौथीत मास्तरांशी भांडून दप्तर घेऊन घरी आलो, तो परत गेलोच नाही. तेव्हा लिहिण्यात वेडंवाकडं काही असेल तर ते माझं. घडलं ते मात्र जसंच्या तसं आहे.

पालीच्या पुढे कातळावर आमची वाडी. त्या वर्षी मुंबईला बायकोच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. आत नेताना तिने हेदवीच्या दशभुज गणपतीला नवस बोलला, बरी झाले तर माघी चतुर्थीला दर्शनाला येईन, आणि येईन ती यांच्या मोटारसायकलवर मागे बसून, गाडी नवी घेतली तेव्हा आले होते तशी. नवस तिचा. मी तेव्हा बाहेर बाकावर बसून त्याला एवढंच विचारत होतो, जिने उभ्या जन्मात कुणाचं वाईट चिंतलं नाही तिच्याच पोटात गाठ का? उत्तर आलं नाही. मी हात जोडायचे सोडले. ती बरी होऊन घरी आली तेव्हाही म्हटलं, डॉक्टरने केलं, तू काय केलंस?

पण नवस तिचा असला तरी गाडी माझी होती. पंचवीस वर्षांची जुनी, आणि तीन वर्षांपासून तेल गळणारी. मुलगा मुंबईहून म्हणाला, "बाबा, हट्ट सोडा. मी मोटार ठरवतो, आईला आरामात न्या." मी म्हटलं, "नवस मोटारीचा नाही." रत्नागिरीतला एक मेस्त्री गाडीभोवती फिरून म्हणाला, "आजोबा, हिचं आता विसर्जन करा." मी म्हटलं, "आधी तुझ्या दुकानाचं करीन." आणि गाडी घरी आणून स्वतः खोलली.

महिनाभर मी त्या इंजिनाशी कुस्ती खेळलो. वरच्या झाकणाचं पॅकिंग कापलं ते लग्नपत्रिकांचं. आमच्या भावकीतल्या पत्रिका चांगल्या जाड असतात. चार लग्नं त्या इंजिनात गेली. शेलॅकचा चिकट लेप लावून झाकण बसवलं, तर तेल क्लचच्या बाजूने येऊ लागलं. तिथलं पॅकिंग बदललं, तर गिअरच्या दांड्याशी. तिथे नवं ऑइल सील ठोकलं, तर परत वरून. बोल्ट इतके आवळले की एकाचे आटेच गेले. बायको पडवीत तांदूळ निवडत बघत असायची. एकदा म्हणाली, "अहो, किती आवळाल? तुमचा गणपती बहुतेक त्या इंजिनातच बसलाय." मी म्हटलं, "बसला असेल तर त्यालाही बाहेर काढीन." असं बोलायचो मी तेव्हा.

चतुर्थी शुक्रवारी आली. गळणारी तर गळणारी, तेलाची बाटली पिशवीत घेऊन आम्ही सकाळीच निघालो. निवळीला थांबून तेल भरलं, पुढे एकदा भरलं. जयगडला खाडी ओलांडायला लाँच लागते, गाड्या फळीवरून वर चढवतात. तिथे लाँच चालवणाऱ्या तांडेलाने हात आडवा केला. "बाबा, गाडी नाही घेणार. डेकवर तेल सांडलं की माणसं घसरून पडतील."

"माझी गाडी तुझ्या लाँचपेक्षा स्वच्छ आहे," मी म्हटलं.

त्याने नुसतं माझ्या मागे बोट दाखवलं. धक्क्यावर मी गाडी आणली तिथपासून काळ्या थेंबांची रांग होती. लोक हसले. बायको हसली नाही. दुर्वा-जास्वंदीची पिशवी छातीशी धरून ती खाडीपलीकडे बघत राहिली. मी म्हटलं असतं तर ती गाडी ठेवून चालत आली असती, आणि नवस अर्धा राहिला हे पुन्हा कधी बोलून दाखवलं नसतं. तेच मला सहन होईना. मनात म्हटलं, गणपती, तुला पाहिजे तेवढी अडवणूक कर, मी हिला याच गाडीवरून आणणार.

तेवढ्यात लाँचचा इंजिनवाला खालून वर आला. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, हातात कळकट फडकं. त्याने विचारलंही नाही, गाडीशी उकिडवा बसला. "चालू करा बाबा." मी किक मारली. कान लावून ऐकल्यासारखं करून त्याने इंजिनामागे हात घातला, पक्कड मागितली आणि काहीतरी खेचलं. फस्स करून वाफ आणि काळं तेल बाहेर आलं. त्याच्या हातात बोटाएवढी लाकडी खुंटी होती. "ही कोणी मारली?"

मीच मारली होती. इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर टाकायला एक नळी असते. तिच्यातून थेंब थेंब तेल पडायचं आणि तुळशीपुढच्या सारवलेल्या अंगणात डाग पडायचे. बायको कुरकुरली म्हणून फणसाच्या लाकडाची खुंटी तासून मी ती नळी गच्च बंद केली होती. तीन वर्षांपूर्वी. आणि साफ विसरलो होतो.

"दम कोंडलाय हिचा," तो म्हणाला. "दर्यावर इंजिनं सांभाळण्यात जन्म गेला माझा. आतलं कुठून तरी बाहेर येणारच. तुम्ही एक दार लावणार, ती दुसरं फोडणार."

"मला शिकवू नकोस," मी म्हटलं. खोटं कशाला लिहू, असंच म्हटलं.

तो हसला. खुंटी माझ्या तळहातावर ठेवली. "शिकवत नाही. तुमची आहे, तुम्हीच ठेवा. मी नमाज पढून येतो, तोवर लाँच सुटत नाही. गाडी पुसून चालवून बघा. टपकली तर परत मारा खुंटी."

बायकोने पिशवीतल्या फुलांभोवतीचा वर्तमानपत्राचा कागद सोडून गाडीखाली पसरला. मी इंजिन पुसलं, चालू केलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं. दोघंही कागदाकडे बघत बसलो. नळीखाली दोन थेंब पडले. बाकी झाकणाशी, क्लचशी, दांड्याशी ओल दिसत होती, पण थेंब धरत नव्हता. तेव्हा माझ्या तोंडून "चुकलो" असं निघालं. बायकोला वाटलं तिला म्हटलं. कुणाला म्हटलं ते मला माहीत होतं. सहा महिन्यांत देवाशी न भांडता बोललेला तो पहिला शब्द.

तांडेलाने इंजिनाखालून बोट फिरवलं, नळीच्या तोंडाशी एक डबा बांधला आणि म्हणाला, "चढवा." पलीकडे उतरल्यावर मी इंजिनवाल्याला हाक मारली. खालच्या धुरातून फडकं हललं, एवढंच. संध्याकाळी परतताना लाँचवर दुसराच माणूस होता. म्हणाला, "तो आज दुपारपर्यंतच बदलीला आलेला." कोण, कुठला, मी खोदून विचारलं नाही.

हेदवीला बायकोने नारळ वाढवला, डोकं टेकून रडली. मी उभाच होतो. खिशात हात घातला तर खुंटी लागली. तीच पायरीवर ठेवली. पुजारी म्हणाले, "हे काय?" मी म्हटलं, "नवसाचं आहे." नवस नसलेल्या माणसाकडे एवढंच होतं द्यायला.

ताठ मानेचा होतो, अजून आहे. देवाशी आजही भांडतो. पण आता सगळी दारं लावून भांडत नाही. आतलं त्याच्यापुढे बाहेर टाकतो, आणि त्याला काय करायचं ते करू देतो. गाडी तुळशीपाशीच उभी असते. नळीतून रोज थेंबभर तेल पडतं. बायकोने तिथे नारळाची करवंटी ठेवली आहे. भरली की ती म्हणते, "अहो, तुमचा गणपती भरला." मी उठतो आणि ओतून येतो.