कुठूनसरांची चूक

भोकरच्या आमच्या शाळेत विज्ञानाच्या सरांना सगळे ‘कुठूनसर’ म्हणायचे. कुठलंही सूत्र फळ्यावर आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “हे आलं कुठून?” घडाघडा म्हणून दाखवणाऱ्याला शाबासकी मिळत नसे. “पोपट बी म्हणतो,” म्हणत ते त्याच्या हाती खडू देत.

नववीत गतीची समीकरणं आली तेव्हा सर आम्हाला मुदखेडच्या स्टेशनात घेऊन गेले. थांबलेल्या पॅसेंजरच्या पहिल्या डब्याच्या पुढच्या टोकाशी उभं करून विचारलं, “पंधरा मोजेपर्यंत एक डबा गेला, तर तीस मोजेपर्यंत किती?” आम्ही ठामपणे म्हणालो, “दोन.” गाडी हलली. पंधराला एक डबा पुढे गेला. तिसाला चार!

दुसऱ्या दिवशी त्यांनी आडवा काळ, उभा वेग घेऊन आलेख काढला आणि एक तिरपी रेघ ओढली. “रेघेचा चढ म्हणजे त्वरण. रेघेखालची जागा म्हणजे कापलेलं अंतर. काढा आता.” आयत आणि त्रिकोणाची क्षेत्रफळं मिळवता मिळवता अंतराचं समीकरण माझ्या वहीत उतरलं. मला तर वाटलं, हे जगात पहिल्यांदा मीच काढलं.

दहावीनंतर मी लातूरला शिकायला गेले. एका दुपारी खोलीच्या दारात सर उभे, घामाघूम. “घरी काही झालं का, सर?” मी विचारलं.

“घरी समदं ठीक हाय, बाई. तुला चुकीचं शिकवलं, ते सांगायला आलो.”

त्या वर्षी मुदखेडला नववीतली एक मुलगी तिसाला न थांबता मोजतच राहिली होती. पंचेचाळिसाला नऊ डबे जायला हवे होते, गेले आठच. “असं का, सर?” तिनं विचारलं, तेव्हा सरांच्या ध्यानात आलं.

“गाडीचं त्वरण कमी झालतं. ते एकसारखं असलं तरच ही समीकरणं चालतात. तुमच्या वर्गाला हे बोललोच न्हाई मी.”

“सर, इथं शिकवलंय आम्हाला ते. फोन केला असता तरी चाललं असतं.”

“चूक समोर उभं राहून केली नं? मग दुरुस्ती बी समोर उभं राहूनच.”

खिशातल्या कागदावर माझ्या नावापुढे खूण करून, चहाही न घेता ते निघाले. पुढची नावं बरीच होती.

गेल्या वर्षी सर वारले. त्यांच्या घरी आम्ही जुने विद्यार्थी जमलो. आमच्या वर्गातला, नववीतच शाळा सुटलेला बालाजीही हिमायतनगरहून आला होता; तिथं त्याचं पंक्चरचं दुकान आहे. सरांच्या त्या यादीचा विषय निघाला. तेव्हा तो म्हणाला,

“माझ्याकडं बी आलते सर. म्या म्हणलं, मला काय करायचं त्याचं? शाळा सुटली माझी. तर खाली बसले माझ्यापाशी, फरशीवर खडूनं रेघ काढली अन् म्हणले, ‘शाळा सुटली तुझी. पण शिकवलं तर मीच होतं नं, बालाजी?’”