वाकड्या अंगठ्याचा खड्डा

थोरला भाऊ आबांची बंदूक घेऊन कुपवाडला आला, तेव्हा मी त्याला मुद्दाम बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. आत काही घाईचं काम नव्हतं. ज्या बंदुकीला मला दहावीपासून हात लावू दिला नाही, ती माझ्या दारात आली होती. तिला जरा तिष्ठत ठेवावं, एवढंच.

लोखंडावर निकेल आणि जस्त चढवायचा माझा छोटा कारखाना आहे. बंदूक दुरुस्तीचा परवानाही मी पुढे काढला. परक्यांच्या बंदुका येत होत्या, घरची कधी आली नव्हती. त्याचं कारण सांगतो.

आमचे वडील, म्हणजे आबा, फौजेतून निवृत्त होऊन फलटणजवळच्या गावी परतले आणि बँकेच्या पहाऱ्याच्या नोकरीसाठी त्यांनी ही एकनळी बंदूक घेतली. खंडेनवमीला तिची पूजा व्हायची. आबा ओल्या हळदकुंकवात अंगठा बुडवून नळीवर टिळा लावायचे. फौजेत असताना मोडलेला त्यांचा अंगठा बाहेरच्या अंगाला वाकडा बसला होता, त्यामुळे टिळाही तिरका उमटायचा. एरवी बंदुकीला नेमाने तेल लावणारा हा माणूस तो टिळा मात्र पुसायचा नाही. देवाचं पुसायचं नसतं, म्हणायचा. बंदूक टिळ्यासकट लोकरी खोळीत जायची.

मी दहावीत होतो त्या दसऱ्याला ती खोळीत मी घातली. दिवाळीनंतर आबांनी बाहेर काढली. वाळल्या कुंकवाचा पोपडा पडला आणि खाली गंज दिसला. कुंकू लाल, गंजही लाल, तोवर कुणाला कळलं नव्हतं. आबांनी माझं मनगट धरलं, तळवा घरादाराला दाखवला आणि म्हणाले, "खारा हात हाय ह्याचा. लोखंड खाल्लं की रं!"

त्यावर बसलेली थप्पड मी विसरलो. खारा हात कुणी विसरू दिला नाही. भाकरीत मीठ जास्त झालं की वहिनी म्हणायच्या, भावजींनी पीठ मळलं वाटतं. कवठे महांकाळला मुलगी बघायला गेलो, तर आबा भर बैठकीत होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले, "पोरगी जपा पावणं. ह्याच्या हातात लोखंड टिकत न्हाई." बैठक हसली. चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली मुलगीही हसली. तिच्याशीच माझं लग्न झालं. आबांचे डोळे गेले तेव्हा बंदुकीचा परवाना थोरल्याच्या नावावर झाला. त्याचा हात कोरडा होता.

कुपवाडला हेल्पर म्हणून लागलो त्याच वर्षी मी चकचकीत घासलेली पट्टी घामेजल्या मुठीत धरून फळीवर ठेवून दिली. काहींच्या घामाने खरंच गंज चढतो. माझ्या नाही चढला. पण हे सांगायचं कुणाला? ऐकायला बसलेलं घर हसायच्या तयारीतच असायचं.

भावाला आत बोलावलं आणि खोळ काढली. नळीवर बारीक गंज सगळीकडे होता, पण एका जागी खोल खड्डा पडला होता. लांबट आणि बाहेरच्या अंगाला तिरका. मी त्याच्याकडे बघत राहिलो. माझी बोटं असली नव्हती.

"ते भट्टीत भाजून लावत्यात तसलं काळं लाव की," भाऊ म्हणाला. "तेल नको न् काय नको."

"तो लेप आहे. खालचं सगळं झाकतो."

"मग झाकू दे की गड्या!"

"निकेल देऊ?"

"बँडवाल्याचा कर्णा करतोस व्हय? आबा मारत्याल मला."

"मग ब्लूइंग. होती तशीच निळी-काळी. तो रंग नसतो, लोखंडाचीच कातडी काळी होते. पातळ असते. तेल चुकलं की संपली."

"घेशील किती?"

इथे मी त्याला घाम फोडला. पैसे नकोत म्हटल्यावर त्याचा चेहराच पडला. मी म्हणालो, नवमीला पूजेच्या वेळी आबांनी घरादारासमोर म्हणायचं, गंज ह्याच्या हाताचा नव्हता. नाहीतर उचल बंदूक आणि चालू लाग.

"येवढंच?" तो हसला. "म्हातारं काय, म्हनंल की."

ब्लूइंगआधी नळी घासून सगळे खड्डे काढावे लागतात. मी सगळे काढले. एक ठेवला.

नवमीला आबा खाटेवर बसले होते. भावाने बंदूक त्यांच्या मांडीवर ठेवली, वहिनी आणि नातवंडं भोवती जमली. मी पिशवीत तेलाचा डबा घेऊन उंबऱ्याशी उभा होतो. आबांनी नळी चाचपली. गुळगुळीत लोखंडावरून फिरणारा त्यांचा अंगठा खड्ड्यात पडला आणि थांबला. वाकड्या पेरासकट तो त्यात असा बसला, जसा साच्यात बसावा. त्यांचा खालचा ओठ हलला. त्यांना कळलं. मी बघितलं, त्यांना कळलं.

"आबा, म्हना की," भाऊ म्हणाला.

आबांनी अंगठा तिथून काढला नाही. माझ्या दिशेला तोंड करून म्हणाले, "ह्यो खड्डा ऱ्हायलाच की रं. खारा हात लेकाचा! मी म्हनलंच व्हतं."

आधी वहिनी हसल्या, मग पोरं. आबांनी तोच अंगठा ओल्या कुंकवात बुडवला आणि त्याच खड्ड्यात दाबून टिळा लावला.

जेवायला न थांबता मी निघालो. गाडीपाशी भाऊ धावत आला. "तेलबिल लावायचं म्हनला व्हतास न्हवं? दे की."

डबा पिशवीत होता.

"काही नको लावू," मी म्हणालो. "आणि टिळा पुसू नकोस. देवाचं पुसायचं नसतं."