तिचं नाव मीच पुसलं होतं

परवा मोर्शीजवळच्या एका गावात गेले होते... माझ्या पीएचडीचं एक प्रकरण वाचून दाखवायला. विषय असा, की कायद्यानं बायकांना शेतजमिनीत हक्क दिला, तरी सातबाऱ्यावर त्यांची नावं का चढत नाहीत.

गेल्या काही वर्षांत कापूस गेला, संत्र्याच्या बागा वाळल्या आणि आमच्या भागात अभ्यास करणाऱ्यांची रीघ लागली. फॉर्म भरून नेतात, परत कोणी फिरकत नाही. मी मात्र परत आले, याचा मला जरा अभिमानच होता...

माझं हे प्रकरण ज्यांच्यावर उभं आहे, त्या तिथल्या एक ताई. नवरा वारल्यापासून संत्र्याची बाग एकट्या सांभाळतात. सातबाऱ्यावर मात्र फक्त भासऱ्यांचं, म्हणजे थोरल्या दिरांचं नाव.

ओसरीवर बसून मी वाचत होते. ताई संत्री निवडत ऐकत होत्या... मधेच त्यांचा हात थांबला.

"मॅडम, हे सुमन कोन हाये?"

मी हसून म्हटलं, तुम्हीच! तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून आम्ही नाव बदलतो.

"सातबाऱ्यावर माहं नाव नाई. आता तुमीबी काढलं... काहून? मले इचारलं का?"

खरंच विचारलं नव्हतं. संमतीच्या फॉर्मवर 'नाव गुप्त ठेवावे' असा एक चौकोन असतो. सगळ्या बायकांच्या फॉर्मवर तिथं खूण मीच करत गेले होते... घाईघाईत, त्यांच्या भल्यासाठी म्हणून.

बाईला न विचारता तिच्या वतीनं सगळं ठरवतात, यावर मी पानंच्या पानं लिहिली होती. फार लाज वाटली हो.

भासऱ्यांना कळलं तर, असं मी चाचरत विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "हिश्श्याचा अर्ज देऊन राहिली मी तहसीलमंदी. त्याच्यावर काय सुमन लिहू?"

मी नवा फॉर्म काढला. या वेळी पेन त्यांच्या हातात दिलं. 'नाव छापावे' समोर त्यांनी सावकाश खूण केली, खाली सही केली. माझ्या पीएचडीच्या गाईड सरांनीही हो म्हटलंय. आता बाकीच्या बायकांकडेही पुन्हा जायचंय, एकेकीला विचारायला.

ही पोस्टसुद्धा आज त्यांना फोनवर वाचून दाखवली. नाव टाकू का, म्हटलं... तर म्हणाल्या, "टाका ना."

त्यांचं नाव निर्मला. मनापासून आभार, निर्मलाताई.