धुक्यातली घंटा आणि आमचे भाऊजी

माझ्या धाकट्या दिरांना मी तोंडावर 'भुतांचे सोयरे' म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं. पंचेचाळिशी उलटलेली, लग्नाचा पत्ता नाही, मुक्काम आमच्याच घरात मागच्या खोलीत. धंदा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे. भाऊजी त्यावरून प्लास्टरचा साचा ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचे, घासून गुळगुळीत करायचे. खोलीतल्या फळीवर दात विचकून बसलेले साचेच साचे. एखादा पाहुणा चुकून ते दार उघडायचा आणि आल्या पावली परत फिरायचा.

त्यात भर त्या जपानी कार्टूनची. कार्टून म्हटलं की चिडायचे.

"वहिनी, ॲनिमे म्हणा. आणि पुस्तक असेल तर मंगा."

"मंगा म्हणा नाहीतर दंगा म्हणा! घोड्याएवढ्या माणसाने चित्रांची पुस्तकं घेऊन बसायचं म्हणजे काय? एक दिवस सगळी रद्दीत घालते की नाही बघा."

"घाला. माझं भूत परत घेऊन येईल," असं म्हणून हसायचे.

त्यांच्या आवडत्या मालिकेचं नाव 'धुक्यातली घंटा'. बंदराचं एक गाव. मनोऱ्यातली घंटा कधीच काढून नेलेली, तरी धुकं उतरलं की ती वाजते. आणि सकाळी गावातलं कुणीतरी आपल्याच जेवणाच्या टेबलाशी बसलेलं सापडतं, नखशिखांत भिजलेलं, मेलेलं. पोस्टात काम करणारी एक मुलगी शोध घेत असते. ती जिथे राहते त्या लॉजची म्हातारी मालकीण, सगळ्यांची मावशी, तिला रोज गरम सूप करून देते. भाऊजींचा सगळा जीव त्या मावशीत. "अख्ख्या गावात तेवढी एक बाई सरळ आहे," असं छातीठोक सांगायचे.

जेवताना दुसरा विषय नसायचा. धुकं आलं की संगीत बंद करतात, नुसता चमच्यांचा आवाज ठेवतात, हे त्यांचं फार कौतुक. "दुसरं कुणी असतं तर ढँग ढँग वाजवून कान किटवले असते, वहिनी. इथे शांततेनेच पोटात गोळा येतो." पुस्तकातली भीती वेगळी, म्हणायचे, तिथे पान आपल्यालाच उलटावं लागतं. घंटा वाजवणारं भूत नाहीच, अशी त्यांची खात्री होती. भूत निघालं तर गाव सुटलं, पण हे रोज एकत्र जेवणाऱ्यांतलंच कुणीतरी आहे. शिवाय धंद्यातली तक्रार: "हा चित्रकार मेलेल्यांचे दात बरोबर काढतो. जिवंत माणसांचे मात्र चुकतात."

मी कानावर हात ठेवायचे. पण खरं सांगायचं तर कोण करतंय हे मलाही जाणून घ्यायचं होतं.

मग त्यांचं पोट दुखायला लागलं. आधी पित्त, मग जागरण, मग सगळ्या तपासण्या. डॉक्टरांनी भाऊजींना बाहेर बसवलं आणि ह्यांना आणि मला आत बोलावलं. स्वादुपिंडात होतं, यकृतात पसरलं होतं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आमचे हे बाहेर जिन्यातच खाली बसले. आईवडील लवकर गेले, तेव्हा ह्यांनीच धाकट्याला वाढवलं होतं. "त्याला यातलं अक्षर कळता कामा नये," म्हणाले. "अल्सर आहे म्हणायचं. तो हाय खाईल. मला वचन दे." मी दिलं. मी तक्रार विभागात फोन घेते. 'तुमची तक्रार वरिष्ठांकडे पाठवली आहे' हे दिवसभर गोड आवाजात सांगते, तेव्हा वरिष्ठ शेजारी बसून जांभया देत असतात. मला वाटलं, हे खोटंही सहज जमेल.

भाऊजींचं काम सुटलं. अंथरूण धरलं. अशातच मालिकेचा शेवटचा भाग छापून आला. पुस्तकांच्या दुकानदाराने आपणहून घरी पोचवला. पण औषधांनी भाऊजींच्या डोळ्यांपुढे अक्षरं पोहायला लागली होती.

"वहिनी, तुम्हीच वाचा. चित्रंही सांगायची, अंधार किती आहे ते सुद्धा. आणि शेवट आधी बघायचा नाही. माझी शपथ."

शपथ घेतली आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या नुसतं उघडून पाहिलं. आपण कुठलंही पुस्तक उघडतो तसं. ती पुस्तकं मागून सुरू होतात हे मला कुठे ठाऊक! मी पहिलं म्हणून उघडलेलं पान शेवटचं निघालं. त्यावर ती मावशी, केसांतून पाणी ठिबकतंय, हातात घंटेचा दोर. समोर ती मुलगी. लिहिलं होतं, 'मावशी, तू?'

माझं डोकंच फिरलं. या माणसाकडे आता उरलंय काय? आणि ही बयाही अशी निघाली! मनात म्हटलं, जळो ते पुस्तक, हे पान मी त्यांना वाचून दाखवणार नाही.

मी रजा टाकली होती; रोज दुपारी थोडं थोडं वाचायचे. "घाई नको, पान उलटायच्या आधी थांबा," असं भाऊजी मला शिकवायचे. शेवटचं पान आलं त्या दुपारी मी मावशीच्या जागी त्या गावच्या हवालदाराला बसवलं. मिशीतून पाणी ठिबकतंय, हातात दोर, सगळं रंगवून सांगितलं. भाऊजी डोळे मिटून ऐकत होते.

"हवालदार?"

"हवालदारच. मेल्याचा मला पहिल्यापासून संशय होता."

"वहिनी, दुसऱ्या धुक्याच्या वेळी हवालदार बोटीवर होता. गावात नव्हताच तो." मग म्हणाले, "मावशी आहे ना?"

मी पुस्तक मिटलं. ते हसले, अगदी मनापासून. "वा! मला पुरतं बनवलं की. सूप, ओला ॲप्रन, सगळं डोळ्यांसमोर होतं. काय जमवलंय!" मग डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिले.

"पण तुम्ही खोटं का बोललात?"

"अहो, सहज…"

"सहज कसलं? आयुष्यभर या पुस्तकांवरून मला फैलावर घेतलंत. आणि आता मला वाईट वाटू नये म्हणून खुनी बदलता? कित्येक दिवसांत तुम्ही माझ्यावर एकदासुद्धा ओरडला नाहीत. काल मी धुतलेल्या चादरीवर सूप सांडलं, तर 'असू दे' म्हणालात. तुम्ही! अल्सरवाल्याला तुम्ही 'असू दे' म्हणाला असतात का?"

मला रडू कोसळलं.

"कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"स्वादुपिंडात. पसरलंय."

"दिवस?"

"थोडेच आहेत, भाऊजी."

त्यांनी छताकडे नजर लावली. "भीती वाटते हो, वहिनी," म्हणाले. मी त्यांचा हात धरला. हातात नुसती हाडं उरली होती. मलाही भयंकर भीती वाटत होती आणि ते मी सांगून टाकलं.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. हे कामावरून आले होते. भाऊजींनी माझा हात घट्ट दाबला. "मला कळलंय हे दादाला सांगू नका. त्याला सोसवणार नाही."

हे खोलीत आले, ओढूनताणून हसले. "काय म्हणतोय आपला अल्सर?"

"आज कमी आहे, दादा. उतरणीला लागलाय बहुतेक."

त्यानंतर जेमतेम महिनाभर होते. रोज संध्याकाळी हे दोघे भाऊ बरं झाल्यावर काय काय करायचं ते ठरवत बसायचे. मी दाराआड उभी राहून ऐकायचे. एकदा तर कवळ्या घासायचं नवीन यंत्र कुठल्या भिंतीला लावायचं यावरून दोघांची जुंपली.

आता कुणी भेटायला आलं की आमचे हे हटकून सांगतात, "एक समाधान आहे. शेवटपर्यंत त्याला काही कळू दिलं नाही आम्ही." आणि माझ्याकडे बघतात. मी "हो ना" म्हणते आणि चहा ठेवायला आत जाते.