नाव घातलेला डबा

सासर सोडलं तेव्हा एका पिशवीत मुलीचे कपडे कोंबले आणि दुसरीत वाटेत खायला म्हणून दशम्यांचा डबा आणि पाण्याचा तांब्या घेतला. दोन्ही भांड्यांवर नाव घातलेलं आहे हे एसटी सुटल्यावर लक्षात आलं. डब्यावर सासऱ्यांचं आडनावासकट पूर्ण नाव, खाली मुक्काम पोस्ट, तालुका कोपरगाव. तांब्यावर माझ्या आईचं नाव. भांड्याच्या दुकानात 'नाव काय घालू?' असं विचारतात आणि आपण कौतुकानं सांगतो, कारण लग्नाकार्यात भांडी हरवतात. त्या दिवशी मी डबा पदराखाली धरून बसले. पळून निघालेल्या बाईच्या मांडीवर सासऱ्याचा पत्ता!

नगरबाहेर एका संस्थेची वसाहत आहे. एका ओळीत खोल्या, पुढे व्हरांडा, टोकाला एक मोठी खोली. माझ्यासारख्या, लेकरं घेऊन निघालेल्या बायकांना तिथे घर मिळतं, काम मिळवून देतात, कोर्टाच्या तारखेला सोबत येतात. मला तिथलीच खोली मिळाली आणि शिवणाचं कामही. पण सासरचा निरोप माझ्या भावापर्यंत आला होता, की सून गेली तर गेली, नात आम्ही शोधून आणणार. ते नुसतं बोलणाऱ्यातले नव्हते. म्हणून मी फोनचं सिमकार्ड बदललं, मुलीला शाळेत गाव विचारलं तर 'नाशिक' म्हणायला शिकवलं, आणि तो डबा फडताळात नावाची बाजू भिंतीकडे करून ठेवला.

वसाहतीचा एक नियम होता, कुणी कुणाला गाव आणि आडनाव विचारायचं नाही. नियम चांगला, पण आपल्याकडे दोन बायका भेटल्या की पहिला प्रश्न तोच असतो. तोच काढून टाकल्यावर बोलायचं काय? सगळ्या आपापल्या दारात गव्हातले खडे वेचत बसायच्या आणि दुसरीकडे चोरून बघायच्या. वसाहत बघणाऱ्या ताईंना हे बघवेना. त्यांनी रविवारी मोठ्या खोलीत एकत्र जेवण ठेवलं. प्रत्येकीनं एकेक पदार्थ आणायचा, मिळून खायचं, एकमेकींच्या होऊन राहायचं. मला वाटलं, यांना फोटो काढून कुणाला तरी पाठवायचे असणार. मी आपली मुकाट्यानं मुगाची उसळ नेली, खाल्लं, भांडं घासलं आणि खोलीत येऊन कडी लावली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझं नुसतं तोंडच पोळलं नव्हतं.

सगळ्यात जास्त संशय मला शेजारणीचा होता. ती माझ्याहून बरीच मोठी, दोन मुलींना घेऊन राहायची, लोखंडी गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपात झाडलोट करायची. ती फार बघायची. एकदा नळावर बोलता बोलता म्हणाली, तिचा भाऊ कोपरगावकडच्या कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवतो. माझ्या हातातली बादली तिथेच राहिली. त्यानंतर मी तिच्याशी हो नाहीपलीकडे बोलले नाही.

त्यातच तिची भांडी मी पाहिली. ताट, पातेलं, डबे, प्रत्येकावर एक खरवडलेला पट्टा. जिथे नाव असायला हवं, नेमकं तिथेच. भांड्यावरचं नाव कोण खरवडतं? चोर. माझ्या मनात पाल चुकचुकली. मुलीला सांगून ठेवलं, त्यांच्या घरी जायचं नाही.

एका संध्याकाळी हीच बाई डबा घेऊन दारात उभी. आत हुलग्याचे शेंगोळे, लसणाचा वास सुटलेला. नको म्हणायच्या आत मुलीनं डबा हातात घेतलासुद्धा. आता पंचाईत अशी, की कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. आईनं लहानपणापासून घोकून घेतलेलं, काही नसलं तर चिमूटभर साखर घाल, पण रिकामं देऊ नकोस. मी शेंगदाण्याचे लाडू घालून डबा परत केला. चार दिवसांनी त्याच डब्यात थालीपीठ आलं. मग माझ्याकडून शिरा गेला. मला हे सगळं नको होतं, पण थांबवायचं कसं? एकीनं रिकामं भांडं देण्याचा उद्धटपणा केल्याशिवाय हे थांबणार नव्हतं, आणि आमच्या दोघींच्या आया आम्हाला तेवढं चांगलं शिकवून गेल्या होत्या.

तिचा डबा आणि माझा डबा एकाच मापाचे. फडताळात शेजारी शेजारी ठेवलेले. एका सकाळी लाईट गेलेली, मुलीची शाळेची घाई, मी डब्यात गुळपोळ्या भरल्या आणि दारातूनच देऊन ये असं बजावून मुलीच्या हाती शेजारी पाठवल्या. दुपारी फडताळ पुसताना पाहिलं, तर खरवडलेल्या पट्ट्याचा डबा तिथेच होता. माझा गेला होता. नावाची बाजू भिंतीकडे ठेवायची इतकी सवय झालेली, की डबा उचलताना मी स्वतःसुद्धा ती बाजू पाहिली नव्हती.

माझी पाचावर धारण बसली. परत मागायला जावं तर कशासाठी मागते हे तिला कळणार. न जावं तर ती वाचणार. ती वाचायची, मी पाहिलं होतं, दुकानातून आलेल्या पुडीच्या कागदाची अक्षरंसुद्धा ती सोडत नसे. संध्याकाळी ती व्हरांड्याच्या टोकाला उभी राहून फोनवर बोलताना दिसली. माझ्याकडे पाठ, आवाज खाली. मी दाराआड उभी राहून ऐकायचा प्रयत्न केला. 'न्हाई', 'व्हय' यापलीकडे काही हाती लागलं नाही. मग तिच्या खोलीतून आवाज सुरू झाला. लोखंडावर लोखंड घासल्याचा, खर्र खर्र. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. दुसऱ्या दिवशीही तेच. काय चाललंय काही कळेना, पण चांगलं काही चाललेलं नाही याची मला खात्री होती. मी पिशवी भरली. ताईंनाही सांगणार नव्हते. मुलीला शाळेत पाठवलं नाही. तिला घेऊन कुठे जाणार हे मलाही ठाऊक नव्हतं, आणि त्या विचारानं मला रडू आलं.

निघणार तोच दारावर थाप पडली. शेजारीण डबा घेऊन आली होती. तिनं एक नजर भरलेल्या पिशवीवर टाकली आणि काही न विचारता डबा माझ्या हातात दिला. आत गरम भाकरी आणि पिठलं. मी डबा फिरवून पाहिला. नाव नव्हतं. मुक्काम पोस्ट नव्हतं, तालुका नव्हता. तिथे फक्त खरवडलेला पट्टा होता, तिच्या भांड्यांवर होता तसाच.

"वाचलं मी," ती म्हणाली. "म्हनून वर्कशॉपातून कानस आनली आन् घासून टाकलं. येळ लागला, लई खोल घातलं हुतं त्येंनी."

मी त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग तिनंच सांगितलं, की फोनवर भाऊ विचारत होता, शेजारी कोण राहतं म्हणून. त्याला ती म्हणाली होती, हाय एक नाशकाकडची.

माझी मुलगी सगळ्यांना सांगत फिरते ते नाशिक या बाईनं ऐकून ठेवलं होतं, आणि माझ्यासाठी सख्ख्या भावाशी खोटं बोलली होती. मी मात्र तिला चोर ठरवून बसले होते. मला तिचे पाय धरावेसे वाटले, पण तसं काही केलं नाही. फडताळातून तांब्या काढला आणि तिच्यापुढे धरला. म्हटलं, मावशी, हाही घासून द्या.

तिनं तो दाराच्या उजेडात नेऊन वाचला. "हे तर बाईमानसाचं नाव हाय. कोन?"

"आई."

"मग ह्ये न्हाई घासायचं, पोरी." तिनं पदरानं तांब्या पुसला, स्वतःच फडताळात ठेवला आणि नावाची बाजू भिंतीकडे फिरवली. "माज्याकडंबी एक हाय आसाच."

ती गेल्यावर मी पिशवीतले कपडे काढून पुन्हा घडी घातली. मुलीनं पिठलं भाकरी खाल्ली. मग मी फडताळात राहिलेला तिचा डबा काढून घासला आणि आता त्यात काय भरून द्यायचं याचा विचार करत बसले.