सर्किटवरची हळद

उपग्रहावर जाणाऱ्या एका उपकरणाचे सर्किट मी तेव्हा रबाळ्याच्या आमच्या छोट्या कारखान्यात रचत होते. अवकाशातला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित झालेला विरळ वायू, त्याने मोजायचा होता. त्यातून मिळणारा प्रवाह इतका क्षीण, की बोर्डावर उमटलेला बोटाचा ठसाही त्याला पळवाट ठरे. हातमोजे घालून, श्वास आवरून मी काम करी. खाडीवरून येणाऱ्या खारट, दमट हवेशी तर माझा उभा दावा होता.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर पाहते, तर मीटरचा काटा थरथरतोय. टोकाला काहीही जोडलेले नसताना प्रवाह दाखवतोय! गुरुवारी बोर्ड रवाना झाला नाही, तर उपग्रहावरची आमची जागा दुसऱ्या उपकरणाला मिळणार होती. मी तारा बदलल्या, रोधक बदलले, स्वतःच्या गणितावरही संशय घेतला. अखेर भिंग घेऊन अगदी जवळ वाकले आणि वास आला. ओल्या हळदीचा, सकाळच्या देवघराचा. आत येणारी तार चिपच्या ज्या पायाला मिळते, नेमका त्याच्याखाली एक पिवळा ओघळ वाळला होता. शेजारी कुंकवाची कणी.

तडक आमच्या साहेबांकडे गेले.

"खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा केली, मॅडम. तुमचाच बोर्ड वगळू? सगळ्यात मानाचा तो!"

"बोर्डाच्या कपाटाला कुलूप होतं, साहेब."

"दुसरी किल्ली माझ्याकडे असते ना."

"आणि हळद पाण्यात कालवून लावलीत?"

"मग कोरडी चिकटणार कशी?"

मी परत बोर्डाकडे वळले.

स्पिरिटने पुसावे, तर हळद अधिकच पसरे. तो प्रसन्न, निर्लज्ज पिवळा रंग बोर्डात मुरत चालला. बुधवारी दुपारी मी चिपचा तो पायच बोर्डावरून सोडवला, वर वाकवला आणि तार हवेतच त्याला जोडली. हवा तरी कुणी पुजलेली नव्हती. काटा हलला, डगमगला आणि संथपणे शून्यावर टेकला.

साहेब मागे येऊन उभे होते. आनंदाने त्यांनी हात पुढे केला.

"बोट लावू नका!"

मी एवढ्याने ओरडले, की शेजारचे ड्रिल थांबले. साहेबांनी दोन्ही हात मुकाट्याने पाठीमागे बांधले. मी बोर्ड धातूच्या डबीत ठेवून, झाकण लावून शेवटचा स्क्रू आवळेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

"नमस्कार तरी करू?" त्यांनी हळूच विचारले.

"करा. लांबून."